स्विफ्ट डिझेल, बजेट २५ हजार: रीमॅप करू, बॉक्स लावू की आणखी काही?

केळघरकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

गाडी २०१६ ची स्विफ्ट व्हीडीआय, १.३ डीडीआयएस, पासिंग एमएच ११. आण्णांनी नवी घेतली होती, आता मी चालवतो. मीटर १ लाख २८ हजार. ऑइल दर १० हजाराला न चुकता. राहायला साताऱ्यात, गाव केळघरच्या वरच्या अंगाला. दर शनिवारी मेढा, केळघर, आणि महिन्यातनं दोन-तीनदा घाट चढून महाबळेश्वर, कारण बहीण तिकडं नोकरीला आहे.

हायवेला गाडीबद्दल एक शब्द तक्रार नाही. पण घाटात पाच माणसं, एसी चालू, आणि चढाचं आंधळं वळण आलं की दुसऱ्या गिअरला इंजिन १५००-१६०० वर येतं आणि तिथं गाडी जीवच सोडते. पाय तळाला टेकवला तरी दोन-तीन सेकंद काही होत नाही, मग २००० च्या पुढं एकदम ओढ येते. परवा वळणातच असं झालं. मागं एसटी अगदी बंपरला, समोरनं दुधाचा टेम्पो उतरत होता. आईनं दाराची मूठ घट्ट धरलेली मला आरशात दिसली. तेव्हापासून हे डोक्यातनं जात नाही. मला कुणाशी शर्यत लावायची नाही, मला ते दोन-तीन सेकंद पाहिजेत.

चौकशी केली. रीमॅपचे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम बदलायचे, भाव १८ हजारापासून ३० हजारापर्यंत सांगितले. ट्यूनिंग बॉक्स १४ हजार, 'घरी लावा, दहा मिनिटांचं काम' असं म्हणाले. पेडल बॉक्स ९ हजार. शिवाय नेटवर ५०० रुपयांत ओबीडीला (गाडी तपासायच्या सॉकेटला) खुपसायचा चिप प्लग मिळतो, त्याचीही जाहिरात सारखी येते. माझं बजेट २५ हजार, आणि ते खरंच २५ हजारच आहे. जूनमध्ये मुलीची फी भरायची आहे, तिला हात लावणार नाही.

यातलं काय करू? ज्यांनी स्वतःच्या गाडीला केलंय त्यांनी सांगितलं तर बरं होईल.

वारणाकाठ

भावा, माझ्या एर्टिगाला तीन वर्षं ट्यूनिंग बॉक्स आहे. इंजिन तुझंच, १.३, फक्त ९० पीएसवालं. मी समाधानी आहे. हायवेला चौथ्या-पाचव्याला ओव्हरटेक करताना गिअर पाडावा लागत नाही, एवढा फरक पडतो. गाडी विकताना बॉक्स काढून दुसऱ्या गाडीला लावता येतो, ही पण सोय आहे. कंपनीच्या सर्व्हिसला देताना मी काढून ठेवतो.

खरं सांगायचं तर अकराव्या महिन्यात क्लच गेला. गाडी तेव्हा ९० हजार चालली होती, त्यामुळं दोष पूर्ण बॉक्सचा म्हणता येणार नाही, पण बॉक्स बसवल्यावरच घसरायला लागला हेही खरं. आणि पूर्ण दाबल्यावर मागं काळा धूर दिसतो. सेटिंग एक पायरी खाली केल्यावर कमी झाला.

शंभरफुटी

मी सांगलीत शंभर फुटी रोडला पंधरा वर्षं स्कॅनिंग आणि इलेक्ट्रिकलचं काम करतो. ट्यूनिंग विकत नाही, त्यामुळं माझा यात काही फायदा-तोटा नाही. थोडं लांबेल, पण दादांचा प्रश्न चांगला आहे म्हणून नीट लिहितो.

आधी बॉक्स काय करतो ते बघा. कॉमन रेल म्हणजे एक जाड नळी, तिच्यात डिझेल दाबून भरलेलं असतं. गाडी उभी राहून चालू असते तेव्हा दाब ३०० बारच्या आसपास, पूर्ण लोडला १४००-१६०० बारपर्यंत जातो. नळीवर एक सेन्सर असतो, तो दाब किती आहे ते ईसीएमला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) व्होल्टमध्ये सांगतो. बॉक्स या दोघांच्या मधे बसतो आणि खऱ्यापेक्षा कमी आकडा पुढं पाठवतो. ईसीएमला वाटतं दाब कमी पडलाय, तो पंपाकडनं आणखी मागतो. इंजेक्टर तेवढाच वेळ उघडा, पण मागं दाब जास्त, म्हणून डिझेल जास्त पडतं. एवढंच. ईसीएम सगळा हिशेब चुकीच्या आकड्यावर करत असतो आणि त्याला ते कळायला मार्ग नसतो.

आता दादांची अडचण बघा. १५००-१६०० ला गाडीत डिझेल कमी नाही, हवा कमी आहे. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या झोतावर फिरून इंजिनात हवा भरणारी चक्री. व्हीडीआयचा टर्बो फिक्स्ड जॉमेट्रीचा आहे, म्हणजे त्यात वारणाकाठ यांच्या एर्टिगासारखी हलणारी पाती नाहीत. एक्झॉस्टचा झोत पुरेसा होईपर्यंत तो हवाच भरत नाही. या इंजिनाचा पूर्ण टॉर्क (ओढायची ताकद), १९० एनएम, कंपनीच २००० आरपीएमला लिहिते. हवा नसताना डिझेल वाढवलं की काय होणार? धूर. म्हणून ईसीएममध्ये हवेच्या मापानं डिझेलवर मर्यादा घालणारा एक मॅप, म्हणजे आकड्यांचा तक्ता, असतोच. साधा बॉक्स त्या मर्यादेला मागच्या दारानं वळसा घालतो. २२०० च्या पुढं त्याचा फायदा दिसेल, पण तुम्हाला तो १६०० ला पाहिजे आहे, आणि तिथं तो सगळ्यात कमी कामाचा.

पेडल बॉक्सचं तर विचारूच नका. तो ताकद वाढवत नाही, पेडलचा सिग्नल फुगवतो. अर्धा पाय दाबला तर ईसीएमला ऐंशी टक्के सांगतो. तुम्हीच लिहिलंय की पाय तळाला टेकवला होता. शंभर टक्क्याच्या वर तो काय सांगणार? ९ हजार वाचले तुमचे.

राहिला रीमॅप. त्यात ईसीएममधली मूळ फाईल काढतात, डिझेलचं प्रमाण, रेल प्रेशर, बूस्टचं (टर्बोनं भरलेल्या हवेच्या दाबाचं) टार्गेट, टॉर्कची मर्यादा असे तक्ते बदलतात आणि परत लिहितात. चांगल्या माणसानं केला तर बॉक्सपेक्षा कितीतरी नेटका, कारण सगळे तक्ते एकमेकांशी जुळवता येतात. पण टर्बोची चक्री तीच राहते. १७००-१८०० पासून ओढ लवकर येईल, १५०० ला चमत्कार होणार नाही. जो तसं वचन देईल त्याच्याकडं जाऊ नका.

आणि शेवटी मला खटकलेली गोष्ट. २००० च्या खाली लॅग, म्हणजे ओढ उशिरा येणं, हा या इंजिनाचा स्वभाव आहे, मान्य. पण दोन-तीन सेकंद पूर्ण शांत, हे मला निरोगी गाडीचं लक्षण वाटत नाही. आधी काही बदललंय का ते आठवा. ही गाडी पहिल्यापासून अशीच होती का?

पोवई_नाका

माझी पोलो टीएसआय, १.२ टर्बो पेट्रोल. पुण्यात रीमॅप करून आता ४० हजार किलोमीटर झाले. गाडी मस्त आहे. पण मी जे शिकलो ते दुकान निवडताना शिकलो, म्हणून तेवढंच लिहितो.

आपल्याकडं 'आम्ही मॅप करतो' म्हणणारे बरेचजण मॅप करत नाहीत. त्यांच्याकडं स्लेव्ह टूल असतं. ते तुमच्या गाडीची फाईल काढतात, दुसऱ्या शहरातल्या किंवा देशातल्या मास्टरवाल्याला पाठवतात, तो बदलून पाठवतो, हे परत लिहितात. त्यात वाईट काही नाही, पण विचारा. फाईल लिहिणाऱ्यानं तुमची गाडी पाहिलेली नसते, तुमचा टर्बो थकलाय का नवा आहे हे त्याला माहीत नसतं. तुमच्या गाडीचा लॉग (चालताना नोंदलेले आकडे) त्यानं मागितला तर माणूस कामाचा. नुसता गाडीचा मॉडेल आणि साल विचारून फाईल आली तर ती तयार फाईल आहे, ८० हजाराच्या गाडीला तीच आणि २ लाखाच्या गाडीला तीच.

दुसरं, मूळ फाईल पेनड्राइव्हवर हातात घ्या. काही ईसीएममधनं ओबीडीतनं फाईल वाचताच येत नाही, टूल फक्त नंबर ओळखतं आणि तसलीच दुसरी फाईल साठ्यातनं आणतं. याला ते व्हर्च्युअल रीड म्हणतात. म्हणजे तुमची स्वतःची फाईल कुणाकडंच नसते. उद्या मागं फिरायचं म्हटलं तर पंचाईत.

तिसरं, लिहिताना बॅटरीला सप्लाय लावलाय का बघा. फाईल लिहायला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात व्होल्टेज पडलं तर ईसीएम अर्धवट लिहिलेला राहतो आणि गाडी सुरूच होत नाही. माझ्यासमोर एकाचं असं झालं होतं. ईसीएम खोलून टेबलावर घेऊन परत लिहावा लागला, दोन दिवस गाडी तिथंच.

आणि ज्यांची साधी पेट्रोल गाडी आहे, टर्बो नाही, त्यांनी रीमॅपवर पैसे घालू नयेत. हातात येणारा फरक आणि मोजलेले पैसे यांचा मेळ बसत नाही.

कृष्णाकाठची

मी सांगलीत मोटार विम्याचं काम करते. तांत्रिक बाजूवर बोलणार नाही, पण कागदाची बाजू कुणी काढली नाही म्हणून लिहिते.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या प्रकरणात हे कलम कडकपणे लावलं होतं. ते प्रकरण गाडीच्या रचनेतल्या बदलाचं होतं, पण आपल्या गाडीत आपण काही केलं तर कुणाला काय, असं समजून चालू नका. विम्याच्या बाबतीत तर सरळ आहे. गाडीत बदल केला तर कंपनीला लेखी कळवायचा. कळवला नाही आणि मोठा अपघात झाला, सर्व्हेअरला वायरिंगमधे बॉक्स दिसला, तर क्लेमवर प्रश्न उभा राहतो. नुकसान ५ लाखाचं असेल तर १४ हजाराचा बॉक्स किती महाग पडेल बघा.

पीयूसीकडंही लक्ष द्या. डिझेलला पीयूसीच्या वेळी उभ्या गाडीत रेस देऊन धुराची घनता मोजतात. बीएस ४ गाडीला १.६२ ची मर्यादा आहे. वारणाकाठ यांनी काळ्या धुराचं लिहिलंय, त्यांनी बॉक्ससकट एकदा मोजून बघावं.

केळघरकर, तुमची आई मागं बसलेली असते, म्हणून जास्त स्पष्ट लिहिलं. राग मानू नका.

वारणाकाठ

ताई, राग कसला. मी पीयूसीच्या वेळी बॉक्स काढतच होतो, हे इथं लिहितानाच चुकीचं वाटलं. या आठवड्यात लावून मोजतो आणि आकडा इथं टाकतो. विमा कंपनीलाही विचारतो.

केळघरकर

ताई, राग अजिबात नाही. हे मला कुठल्याच दुकानात कुणी सांगितलं नव्हतं.

शंभरफुटी साहेब, तुमच्या प्रश्नानं मी रात्रभर विचार करत होतो. आण्णांना विचारलं. ते म्हणाले, 'नवी होती तेव्हा दुसऱ्यावर अख्खा घाट चढायची, पहिला टाकायला लागायचा नाही.' आता केळघरच्या वरच्या दोन वळणांना मी पहिला टाकतो. म्हणजे गाडी बदललीय, आणि हळूहळू बदललीय, म्हणून मला कळलं नाही.

तपासायचं कसं? आणि तो ५०० रुपयांचा प्लग तर नकोच ना?

माण_खटाव

प्लगचं उत्तर मी देतो, कारण मी तो घेऊन खोललाय. वरचं झाकण नखानं निघतं. आत हिरव्या पट्टीवर तीन एलईडी, एक बटण आणि एक छोटी चिप. ओबीडीच्या सोळा पिनांपैकी गाडीशी बोलायच्या पिना पट्टीपर्यंत आल्यात खऱ्या, पण तिथनं पुढं रेघच नाही, पिना नुसत्या डाखलेल्या. फक्त बॅटरीचा प्लस आणि अर्थ जोडलाय. म्हणजे तो दिवे लुकलुकवतो आणि दुसरं काही करत नाही. त्याच ५०० मधे आणखी थोडे घालून ब्लूटूथचा ओबीडी अडॅप्टर घ्या. तो निदान खरं वाचून दाखवतो.

शंभरफुटी

माण_खटाव यांनी बरोबर सांगितलं. ईएलएम ३२७ चिपचा बऱ्यापैकी अडॅप्टर घ्या, मोबाईलवर एखादं स्कॅनरचं ॲप टाका. मग असं करा.

इंजिन बंद, फक्त किल्ली ऑन. मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब, वाचा. इंजिन बंद असताना तिथं बाहेरचाच दाब असतो. समुद्रकाठी तो १ बारच्या जवळ असतो, साताऱ्याच्या उंचीवर ०.९३ च्या आसपास यायला पाहिजे, महाबळेश्वरात ०.८६. तेवढा आला तर सेन्सर खरं बोलतोय. हे आधी करा, नाहीतर पुढचे सगळे आकडे वाया.

याच आकड्यात तुमच्या घाटाचं उत्तरही आहे बघा. वर जाल तशी हवा विरळ, तेवढाच बूस्ट द्यायला टर्बोला जास्त जोरात फिरावं लागतं. म्हणून मेढ्यात जो लॅग सोसतो तो वरच्या वळणांना नडतो. आणि म्हणूनच घाटात राहणाऱ्यानं बूस्ट फार वाढवलेला मॅप घेऊ नये. सपाटीवर बसवलेलं टार्गेट गाठायला टर्बो वर जाऊन मर्यादेबाहेर फिरतो.

नंतर गाडी गरम करून, रिकामा सरळ चढ बघून, तिसऱ्या गिअरला १५०० पासून ३००० पर्यंत पूर्ण पाय. मोबाईल शेजारच्या माणसाच्या हातात, तुमचं लक्ष रस्त्यावर. आरपीएम, मॅनिफोल्ड प्रेशर, रेल प्रेशर असे तीन आकडे लॉग करा. या इंजिनात मला चांगल्या गाडीला २२०० च्या आसपास २.१ ते २.३ बार दिसतात, बाहेरची हवा धरून. तुमचे आकडे टाका.

केळघरकर

साहेब, अडॅप्टर ९०० ला घेतला. किल्ली ऑन, ०.९३. अगदी तुम्ही सांगितल्यासारखं, बघून अंगावर काटा आला.

पूर्ण पाय टाकून तीनदा लॉग घेतला, मेव्हणा शेजारी होता. २२०० ला १.६५, १.६८, १.६४. त्याच्या वर जातच नाही, ३००० ला १.८. रेल प्रेशर मागितलेलं आणि आलेलं जवळजवळ सारखं.

शंभरफुटी

डिझेलची बाजू ठीक, हवा गळतेय किंवा तयारच होत नाही. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंत) आणि तिथनं इंजिनापर्यंतचे होज बघा. वरनं बघू नका, हात घालून खालच्या बाजूनं बघा. तेलकट काळं लागलं तर तिथंच. ते सापडेपर्यंत रीमॅपचं नाव काढू नका. गळकी हवा असताना मॅप चढवला तर टर्बो टार्गेट गाठायला जीव तोडून फिरत राहील.

केळघरकर

सापडलं.

रविवारी इथल्याच मिस्त्रींकडं गेलो. वरनं सगळं स्वच्छ, क्लिपा घट्ट. त्यांनी खालचं कव्हर काढलं आणि होजच्या खालून बोट फिरवलं, बोट काळं झालं. टर्बोकडून इंटरकूलरला जाणारा होज, अगदी क्लिपच्या कडेला. काढून हातात घेतला तरी पहिल्यांदा काही दिसेना. मग त्यांनी दोन्ही हातांनी वाकवला तेव्हा चिरेनं तोंड उघडलं, करंगळीच्या पेराएवढं. सोडला की परत मिटलं, जणू काही नाहीच. उभ्या गाडीत रेस दिली तर आवाज नाही, फुसफुस नाही. लोड आला, आत दाब वाढला, की उघडायची. दीड वर्षात तीन सर्व्हिस झाल्या आणि कुणाला दिसली नाही, आणि मी मॅप बदलायला निघालो होतो.

ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) खोलला तर आत काजळीचा थर, बोटानं खरवडून निघावा एवढा. मॅनिफोल्डचा सेन्सरही काळा होता, क्लीनरनं साफ केला. डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलले. खर्च असा: होज १,९५०, डिझेल फिल्टर १,३००, एअर फिल्टर ३५०, ईजीआर आणि सेन्सर साफ करायची मजुरी १,८००, कंपनी स्कॅनरवर बघायचे ५००. अडॅप्टरचे ९०० धरून ६,८००.

आता लॉग: २२०० ला २.१५. दुसऱ्या गिअरला १६०० ते २००० जायला त्याच चढावर आधी ३.४ सेकंद लागत होते, आता २.१.

लॅग आहेच, पण ती आता लॅग आहे. पूर्वी तिथं खड्डा होता.

पोवई_नाका

अभिनंदन दादा! आता माझ्या मते तुम्ही रीमॅपच्या लायक झालात. १८ हजार शिल्लक आहेत. एखाद्या भरवशाच्या माणसाकडनं सौम्य मॅप घ्या. टर्बो डिझेलला २०-२५ टक्के टॉर्क सहज वाढतो, तुम्ही १० टक्केच मागा. बूस्टला हात न लावता १८०० च्या आसपासचं डिझेल आणि पेडलचा प्रतिसाद एवढंच सुधारायला सांगा. विम्याला कळवा. मी तुमच्या जागी असतो तर केलं असतं.

शंभरफुटी

सौम्य मॅपला माझा विरोध नाही. पण १९० एनएम आता कुठं परत चाकापर्यंत पोचायला लागलाय, आणि क्लच १ लाख २८ हजाराचा आहे. आधी तो बघा. चौथा गिअर, ताशी ५०, चढावर पूर्ण पाय. आरपीएमचा काटा पुढं पळाला आणि गाडी जागेवरच राहिली तर क्लच घसरतोय. गेल्या दीड वर्षात इंजिनच अशक्त होतं, म्हणून क्लचनं निभावून नेलं असेल.

टायमिंग चेनचाही आवाज ऐका. या इंजिनात बेल्ट नाही, चेन आहे, आणि ऑइल कमी पडलेल्या गाड्यांत ती सैल पडलेली मी पाहिलीय. सकाळी थंड गाडी सुरू करताना पुढनं खडखड येते का बघा.

वारणाकाठ

पीयूसीचा आकडा टाकतो म्हणालो होतो. बॉक्ससकट, वरच्या सेटिंगला १.९. म्हणजे नापास. खालच्या सेटिंगला १.३. बॉक्स काढून ०.८. पीयूसीवाला पोरगा म्हणाला, काका, गाडी चांगली आहे, हे कशाला लावलंय?

विमा कंपनीनं लेखी मागितलंय, ते करतोय. तोपर्यंत बॉक्स काढून डब्यात ठेवलाय. गाडी ढिली वाटते, खोटं बोलत नाही. पण मागच्या माणसाच्या तोंडावर १.९ चा धूर सोडत होतो, हे आकडा बघेपर्यंत खरंच ध्यानात आलं नव्हतं.

कृष्णाकाठची

वारणाकाठ, मोजलंत आणि इथं लिहिलंत, याचं मोल मोठं आहे.

केळघरकर

क्लच घसरतोय. चौथ्याला काटा १९०० वरनं २३०० ला गेला आणि गाडी ५० लाच. तीनदा केलं, तीनदा तेच. चेनचा आवाज नाही, सकाळी मिस्त्रींना घरी बोलावून ऐकवला, ते म्हणाले निर्धास्त राहा.

म्हणजे रीमॅप आत्ता नाही. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी धरून ९,४०० झाले. एकूण १६,२००. पोवई_नाका, तुमचा सल्ला मी लिहून ठेवलाय. पुढच्या वर्षी पैसे जमले आणि तेव्हाही गरज वाटली तर मूळ फाईल आणि लॉग मागणाराच माणूस शोधीन. पण आता खरंच गरज वाटेल का, माहीत नाही. उरलेल्या ८,८०० मधनं पुढचे दोन टायर घेतोय, घाटात पहिलं काम त्यांचंच.

काल पाचजण, एसी चालू, केळघरवरनं वर गेलो. ज्या वळणाला एसटी मागं होती ते वळण दुसऱ्यावर निघालं. पहिला टाकला नाही. गाडी १६०० ला आली, एक क्षण थांबली, आणि ओढायला लागली. आई मागं बहिणीशी फोनवर बोलत होती, तिचं बोलणं तुटलं नाही. आण्णा शेजारी होते. त्यांनी एकदा काट्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि म्हणाले, 'आता घेतली तेव्हासारखी चालतीय.'

शंभरफुटी साहेब, सांगलीला आलो की तुम्हाला कंदी पेढे घेऊन येणार, नाही म्हणू नका.

जावळीकर

दादा, माझी रिट्झ डिझेल, इंजिन तेच, १ लाख ४५ हजार. केळघरच्या त्याच वळणांना मीही पहिला टाकतो आणि आजवर गाडीचं वय झालं म्हणून सोडून देत होतो. तुमचा अडॅप्टर एकदा मिळेल का? मी मेढ्यातच असतो.

केळघरकर

का नाही? रविवारी सकाळी ९ वाजता मेढ्याच्या स्टँडसमोर येतो, मेव्हण्यालाही आणतो लॉग धरायला. फक्त तासभर आधी गाडी चालवू नका, थंड असू द्या. पहिल्यांदा होज खालनं हात घालून बघायचा आहे.